काल फिरलेली चाकं आज का अडली? भुसावळच्या एका पुठ्ठ्याच्या इंजिनाचं प्रकरण

जूनच्या उत्तरार्धात भुसावळमधल्या एका घरात, कार्डशीटपासून बनवलेल्या कोळशाच्या इंजिनाची चाकं अडली. त्याआधीच्या आठवड्यात हीच चाकं बोटाने ढकलली की न थांबता फिरत होती. मधल्या काळात इंजिनाला कोणी हात लावला नव्हता. ते कपाटावर, पंख्याखाली, वर्तमानपत्राने झाकून ठेवलेलं होतं. काही तुटलं नव्हतं आणि काही वाकलेलंही दिसत नव्हतं. तरीही चाक अर्धा फेरा जाऊन जागच्या जागी थांबायचं आणि जोर लावला की टाचणीची पिन वाकायची.

कागदाची मॉडेलं करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. बहुतेक जण अशा वेळी भोकं मोठी करून मोकळे होतात, त्यामुळे मूळ कारण कळायचं राहूनच जातं. या प्रकरणात ते शेवटपर्यंत शोधलं गेलं. शोधताना रेल्वेच्या शेडमधलं ज्ञान आणि छापखान्यातलं ज्ञान एकाच टेबलावर आलं, म्हणून मला ते सविस्तर लिहावंसं वाटलं.

इंजिन कोणतं आणि का

मॉडेल करणारी मुलगी नववीतली. सुट्टीत ती भुसावळला मामाकडे आली होती. मामा एका छापखान्यात काम करतात, त्यामुळे लग्नपत्रिकांच्या कार्डाची कापलेली टोकं घरात कायम असतात. शेजारी राहणारे नाना रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. खलाशी म्हणजे शेडमधला मदतनीस म्हणून लागले तेव्हा त्यांची पहिली वर्षं स्टीम शेडमध्ये गेली. मूळ अमळनेर तालुक्यातले, त्यामुळे गप्पा रंगल्या की ते अहिराणीवर येतात. इंजिन कोणतं करायचं हे त्यांनीच ठरवलं: डब्ल्यूजी.

निवड मला अगदी योग्य वाटते. भुसावळ हे मालगाड्यांचं जंक्शन. नागपूरची लाइन इथून १८६७ मध्ये सुरू झाली, खांडव्याकडे जाणारी वाट इथूनच फुटते, आणि रावेर-सावद्याची केळी रेल्वेने उत्तरेकडे जातात तीही याच पट्ट्यातून. डब्ल्यूजी हे ब्रॉडगेजचं मालगाडीचं इंजिन. १९५० ते १९७० या काळात अशी सुमारे २,४५० इंजिनं बनली. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९५० मध्ये बाहेर पडलेलं पहिलं इंजिन ‘देशबंधू’ आणि १९७० मध्ये तिथं बनलेलं ब्रॉडगेजचं शेवटचं कोळशाचं इंजिन ‘अंतिम सितारा’ ही दोन्ही डब्ल्यूजीच. एक्स्प्रेस ओढणाऱ्या डब्ल्यूपीचं गोल नाक फोटोत छान दिसतं, पण शेडमध्ये ज्यांचे हात काळे झाले त्यांच्या आठवणीत डब्ल्यूजीच जास्त असते.

चाकांची मांडणी दोन-आठ-दोन. पुढे दोन लहान चाकं, मग आठ मोठी चाकं, मागे फायरबॉक्सखाली पुन्हा दोन लहान. आठ मोठी चाकं म्हणजे चार आस. हे चारही आस दोन्ही बाजूंनी साइड रॉडने, म्हणजे चाकांना बाहेरून जोडणाऱ्या आडव्या दांड्यांनी, जोडलेले असतात. मॉडेलमध्ये सगळ्यात सुंदर दिसते ती हीच हालचाल, आणि सगळ्यात जास्त छळतेही तीच.

मापाचं प्रमाण १:२५ ठरलं. खऱ्या इंजिनाचा एक मीटर म्हणजे मॉडेलवर ४ सेंमी, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. मोठ्या चाकाचा व्यास १५६२ मिमी, म्हणजे मॉडेलवर ६२.५ मिमी. ब्रॉडगेजच्या रुळांतलं अंतर १६७६ मिमी, मॉडेलवर ६७ मिमी. सिलिंडरमधला पिस्टनचा स्ट्रोक २८ इंच, म्हणून आसाच्या मध्यापासून क्रँक पिन, म्हणजे चाकावरची रॉड अडकवायची खिळी, १४ इंचांवर, मॉडेलवर १४.२ मिमी. बाकीची मापं बाजूने काढलेल्या फोटोंवरून घेतली. चाकाचा व्यास माहीत असला की फोटोतलं कोणतंही अंतर चाकाशी ताडून काढता येतं, फक्त फोटो अगदी समोरून काढलेला हवा. आराखड्यात पहिल्या आणि चौथ्या मोठ्या आसातलं अंतर २०१ मिमी आलं. हा आकडा लक्षात ठेवा.

मे महिन्यातलं काम

खानदेशातला मे महिना कागदाच्या कामाला एका अर्थी चांगला. पारा ४५ अंशांकडे सरकलेला, हवा कोरडी ठणठणीत, गोंद पाहता पाहता सुकतो. मुलीने आधी बॉयलर केला. सुमारे ७ सेंमी व्यासाचं नळकांडं, आत पुठ्ठ्याच्या गोल चकत्या. इथे एक गोष्ट शिकण्यासारखी. घेर काढताना व्यास गुणिले ३.१४ एवढ्यावर थांबून चालत नाही. कार्डाची जाडी ०.४ मिमी असेल तर गुंडाळीच्या मधल्या थराचा व्यास आतल्या मापापेक्षा तेवढाच वाढतो आणि पट्टी सव्वा मिमी लांब लागते. ती तेवढी लांब ठेवली नाही तर जोड मिटत नाही. पहिली गुंडाळी पातळ कार्डाची, तिच्यावर दुसरी, आणि दोन्हींचे जोड समोरासमोर. असं दोनदा गुंडाळलेलं कवच ताठ राहतं. एकच थर दिला आणि चकत्या लांब लांब ठेवल्या तर उन्हाळ्याच्या हवेत कवच आकसून चकत्यांवर ताणलं जातं आणि दुष्काळातल्या बैलाच्या फासळ्यांसारखे त्यांचे उंचवटे दिसू लागतात. मामांनी हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळे बॉयलर गुळगुळीत झाला.

चाकंही मे महिन्यातच झाली. प्रत्येक चाक कार्डाच्या अनेक चकत्या एकावर एक चिकटवून बनवलेलं. चकत्या चिकटवताना मुलीने प्रत्येक थर आधीच्या थराशी काटकोनात फिरवून लावला, कारण एका बाजूने कापलेल्या आऱ्यांचा कमकुवतपणा तिला जाणवला होता. थर आलटून पालटून लावल्याने आरे मजबूत झाले. याचा आणखी एक फायदा झाला, तो पुढे कळेल.

साइड रॉडही तेव्हाच कापले, आराखड्याच्या छापील कागदावरून. खऱ्या डब्ल्यूजीसारखेच प्रत्येक बाजूला तीन तुकडे, एकमेकांत खिळीने अडकवलेले. खऱ्या इंजिनात असे तुकडे करावेच लागतात. प्रत्येक आस आपापल्या स्प्रिंगवर वरखाली होत असतो, आणि चार आसांना एकच सलग दांडा लावला तर रूळ जरा खालीवर असला तरी दांडा मोडेल. मॉडेलचे रॉड अरुंद, म्हणून त्यांना पातळ सायनो गोंद (क्षणात चिकटणारा) पाजला. तो कार्डात भिनतो आणि सुकल्यावर रॉड प्लॅस्टिकसारखा कडक होतो. भोकं टाचणीच्या मापाची.

राहिली होती ती फ्रेम, म्हणजे सगळे आस जिच्यात बसतात त्या दोन उभ्या पट्ट्या. अर्ध्या मीटरहून जरा लांब. दुकानात मिळणारी कार्डशीट २२ बाय २८ इंचांची. फ्रेमच्या पट्ट्या लांब, म्हणून त्या शीटच्या लांब बाजूने कापल्या. प्रत्येक पट्टीला तीन थर, तिन्ही एकाच शीटमधून, एकाच दिशेने कापलेले.

मृग लागला आणि फ्रेम चिकटली

फ्रेमचे थर चिकटवायचं काम जूनच्या पहिल्या पावसात झालं. सुतारकामाचा पांढरा गोंद, ब्रशने नीट पसरावा म्हणून पाण्याने जरा सैल केलेला. तिन्ही थरांच्या पूर्ण पृष्ठभागावर लावून, पट्ट्या पुस्तकांखाली दाबून रात्रभर ठेवल्या. दाबून ठेवणं बरोबरच. पण दाबाखाली वाफ बाहेर जायला जागा नसते, आणि बाहेर हवाही दमट झाली होती. सकाळी पट्ट्या वरून कोरड्या लागत होत्या, आतला थर मात्र अजून ओला होता.

त्याच सकाळी स्टीलच्या पट्टीने २०१ मिमी मोजून भोकं पाडली. आस म्हणून सायकलच्या स्पोकचे तुकडे घातले. चाकं बसवली, डावी-उजवी क्रँक नव्वद अंशांत लावली, साइड रॉड अडकवले. संध्याकाळी चाकं फिरली. मुलीने व्हिडिओ काढून आईला धुळ्याला पाठवला.

त्यानंतर पावसाने ओढ दिली. चार-पाच दिवस पुन्हा कडक ऊन, पत्र्याच्या छपराखालची खोली, वर पंखा. चाकं अडली ती या दिवसांनंतर.

तपास: आधी जागा शोधायची

मुलीच्या मनात पहिला विचार आला तो भोकं मोठी करण्याचा. तिने सुई हातात घेतली होती, तेवढ्यात नाना म्हणाले, “थांब माय, भोक मोठं नको करू. पहिले देख, अडी कोठे राहिनं.”

हेच वाक्य मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. जोडलेली चाकं अडण्याची मुख्य कारणं दोन. एक, क्रँकचे कोन जुळलेले नसणं. कोळशाच्या इंजिनात डाव्या आणि उजव्या बाजूची क्रँक एकमेकींशी नव्वद अंशांत असते. एका बाजूचा पिस्टन टोकाला पोहोचला की तो चाक ढकलू शकत नाही, तेव्हा दुसऱ्या बाजूचा पिस्टन मधोमध असतो आणि तो ढकलतो. एक बाजू अडली तर दुसरीने सोडवायचं, अशी ही रचना. पण हा नव्वद अंशांचा कोन चारही आसांवर तंतोतंत सारखा हवा. एका आसावर ८७ अंश झाला तरी एका बाजूचा रॉड दुसऱ्या बाजूशी भांडतो. दुसरं कारण म्हणजे रॉडच्या भोकांमधलं अंतर आणि आसांमधलं अंतर यांत फरक असणं.

दोन्हींत चाक अडतंच, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. ते ओळखायची नानांची पद्धत साधी होती, आणि कुठल्याही मॉडेलला चालेल अशी. एका बाजूचे सगळे रॉड काढून टाका आणि दुसऱ्या बाजूच्या रॉडवर चाकं फिरवून पाहा. कोनांचा दोष असेल तर एका बाजूवर चाकं बिनतक्रार फिरतात, कारण भांडायला दुसरी बाजूच उरलेली नसते. अंतराचा दोष असेल तर एका बाजूवरही अडतात.

इथे एका बाजूवरही अडली. डाव्या बाजूवर अडली, मग रॉड बदलून उजव्या बाजूवर पाहिलं, तिथेही अडली. म्हणजे कोन निर्दोष ठरले. नव्वद अंशांसाठी मुलीने पुठ्ठ्याचा काटकोनी साचा केला होता, तो खरंच चांगला होता.

आता कुठे अडतात ते पाहायचं. क्रँक पिन वर किंवा खाली असताना चाकं मोकळी होती. पिन पुढच्या किंवा मागच्या टोकाला, आसाच्या रेषेत आली की अडत होती. याचं कारण भूमितीत आहे. पिन वर असताना रॉड अर्धा मिमी जास्त लांब असला तरी पुढचं चाक जरासं पुढे फिरून तो फरक पोटात घेतं, अंशा-दोन अंशांचा मामला. पिन आसाच्या रेषेत आली की चाक फिरलं तरी पिन पुढे सरकत नाही, ती वर किंवा खालीच जाते. तिथे फरक सामावून घ्यायला जागाच नसते. रॉड सरळ आसाला ढकलू किंवा ओढू लागतो. म्हणून टोकाला अडलेलं चाक म्हणजे अंतराची चूक, असं नाना ठामपणे म्हणाले. त्यानंतर त्यांनी रॉडचे तिन्ही तुकडे सुटे करून शेजारच्या दोन-दोन आसांवर एकेक लावून पाहिला. तिन्ही जोड्या थोड्या थोड्या अडत होत्या. एखादं भोक चुकलं असतं तर एक किंवा फार तर दोनच जोड्या अडल्या असत्या. सगळीकडे सारखाच दोष म्हणजे तो हाताचा नव्हता, पूर्ण फ्रेमचाच होता.

स्टीलच्या पट्टीने मोजलं तेव्हा पहिल्या आणि चौथ्या आसात २०१ मिमी होते तिथे जेमतेम २०० भरले. रॉड मात्र मे महिन्यात होते तेवढेच. फरक जवळपास एक मिमी, तीन जोड्यांत वाटला तर प्रत्येकी सुमारे ०.३ मिमी. टाचणी आणि भोक यांच्यात मोकळीक होती ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची. अडणार नाही तर काय?

एक बारीक गोष्ट. मुलीने भिंतीवर टांगलेल्या छापील आराखड्याशीही फ्रेम ताडून पाहिली होती, आणि ती त्याच्याशीही नीट जुळली नाही. भिंतीवरचा कागदही त्या दिवसांत दमट-कोरडा होत होता. छापील आराखडा आकार समजण्यासाठी ठीक. बारीक अंतराची तपासणी करायची तर स्टीलच्या पट्टीवरच करावी.

कारण: छापखान्यातलं उत्तर

फ्रेम आकसली हे कळलं. एवढी का, हे मामांनी सांगितलं. त्यांनी त्याच शीटचं एक टोक घेऊन आधी एका दिशेने आणि मग दुसऱ्या दिशेने फाडलं. एका दिशेला सरळ चीर गेली, दुसऱ्या दिशेला वेडीवाकडी. मग एक चौकोनी तुकडा एका बाजूने ओला केला, तो लगेच वळला. नळीसारख्या वळलेल्या तुकड्याची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला कागदाचे तंतू. छापखान्यात त्याला ग्रेन म्हणतात. लग्नपत्रिकेचं कार्ड ग्रेनच्या दिशेने मोडलं तर घडी स्वच्छ पडते, आडवं मोडलं तर घडीवर शाई फुटते. त्यामुळे कार्ड हातात घेतल्यावर मामा पहिल्यांदा हेच पाहतात.

कागद यंत्रावर बनतो तेव्हा लगदा धावत्या जाळीवर पडतो आणि बरेचसे तंतू जाळीच्या धावेच्या दिशेला लागतात. लाकडाचा तंतू पाणी प्यायला की रुंदीत फुगतो, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून कागद ओला झाला की ग्रेनच्या दिशेने फारच थोडा वाढतो, आडव्या दिशेने त्याच्या कित्येक पट. इथे शीटचा ग्रेन आखूड बाजूने होता आणि फ्रेमच्या पट्ट्या लांब बाजूने कापलेल्या होत्या. म्हणजे फ्रेमची पूर्ण लांबी ग्रेनच्या आडवी. तिन्ही थर तसेच. कोणताही थर दुसऱ्याला आवरायला नव्हता.

त्यात पाण्याने सैल केलेला गोंद. ओल्या पट्ट्या लांबीला वाढल्या, वाढलेल्या असतानाच त्यांच्यावर मोजून भोकं पाडली, आणि सुकताना भोकांसकट पट्ट्या आकसल्या. शिवाय कागदाचा आणखी एक स्वभाव आहे. तो कारखान्यात ताणाखाली सुकवलेला असतो. पहिल्यांदा भिजला की तो ताण सुटतो, आणि पुन्हा सुकल्यावर कागद मूळ मापापेक्षाही किंचित लहान होऊ शकतो. दोनशे मिमीत एक मिमी म्हणजे हजारात पाच. आडव्या ग्रेनला एवढं आकसणं मुळीच विशेष नाही.

चाकं मात्र तशीच गोल राहिली होती. त्यांचे थर आलटून पालटून लावल्यामुळे एका थराची आडवी दिशा दुसऱ्या थराच्या उभ्या दिशेने धरून ठेवली होती. दोन्ही बाजूंनी मोजली तरी साडेबासष्टच. मुलीने आऱ्यांच्या मजबुतीसाठी केलेली गोष्टच इथे पुरावा ठरली: त्याच घरात, त्याच हवेत, त्याच गोंदाने केलेल्या दोन वस्तू, एक आकसली आणि एक नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा निकाल इथेच लागला. यानंतर हवा, गोंद की हात, हा वाद राहिलाच नाही.

उपाय, आणि ज्यावर मतभेद झाले

भोकं मोठी करणं हा सोपा मार्ग पुन्हा चर्चेत आला, आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. अर्धा मिमी मोकळीक दिली असती तर चाकं त्याच दिवशी फिरली असती. पण कागदातलं मोकळं भोक पिनच्या घासण्याने लवकर पिंजतं, आणि चार आसांवर मोकळीक साठली की रॉड हिसके देत चालतात. नानांना तो आवाज माहीत होता. बुश (रॉडच्या भोकातलं नळीसारखं अस्तर) झिजलेलं इंजिन शेडकडे येताना लांबून ऐकू यायचं, असं ते म्हणाले.

मामांचं मत फ्रेम नवी करावी असं होतं. तीन थर, मधला आडव्या ग्रेनचा, बाहेरचे दोन उभ्या ग्रेनचे, आणि पाणी न घातलेला गोंद. थरांची संख्या विषम आणि मांडणी दोन्ही बाजूंनी सारखी, म्हणजे पट्टी वाकतही नाही. तत्त्वतः हेच सगळ्यात योग्य. अडचण अशी की सिलिंडर, स्लाइड बार आणि बॉयलरचा खोगीर हे सगळं फ्रेमवर पक्कं चिकटलं होतं. फ्रेम काढायची तर निम्मं इंजिन सोलावं लागणार होतं.

शेवटी नानांचा मार्ग घेतला, आणि मलाही तोच पटला. फ्रेम आहे तशी ठेवायची, रॉड नवे करायचे, पण आराखड्यावरून मोजून करायचे नाहीत. शेडमध्ये आसांची केंद्रं ज्या गेजने, म्हणजे अंतर ताडायच्या मापकाने, तपासतात त्याच गेजने रॉडची केंद्रंही तपासतात. कागदावर माप काय आहे यापेक्षा दोन्ही एकमेकांशी जुळणं महत्त्वाचं. इथे गेजचं काम खुद्द फ्रेमनेच केलं.

क्रम मात्र काटेकोर पाळला. आधी फ्रेम पंख्याखाली पूर्ण सुकू दिली. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पातळ हात दोन्ही बाजूंनी आणि विशेषतः कापलेल्या कडांना दिले, कारण कार्ड सर्वांत जास्त पाणी कडेनेच पितं. चपड्यात पाणी नसतं, त्यामुळे तो लावताना फ्रेम पुन्हा फुगली नाही. मग आसांच्या भोकांत रिकाम्या बॉलपेनच्या रिफिलचे छोटे तुकडे बुश म्हणून बसवले, स्पोक आत सैल न राहता फिरेल अशा मापाचे. आता नानांनी स्पोकचा एक तुकडा घेऊन त्याचं टोक कानशीने घासून मधोमध अणकुचीदार केलं. रॉडसाठी कापलेली कार्डाची पट्टी फ्रेमवर चिमट्याने दाबून धरायची आणि आतल्या बाजूने बुशमधून हे टोक दाबायचं. टोक आसाच्या बरोबर मध्यातून बाहेर येतं आणि रॉडच्या पट्टीवर खूण उमटते. त्या खुणेवर टाचणीने भोक. मोजणं कुठेच नाही.

डाव्या बाजूचे तीन तुकडे डाव्या फ्रेमवरून, उजव्या बाजूचे उजव्या फ्रेमवरून. दोन्ही फ्रेम नेमक्या सारख्याच आकसल्या असतील असं गृहीत धरलं नाही, आणि ते बरोबरच ठरलं. प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलने डावा-उजवा आणि क्रमांक लिहिला, नाहीतर रंग दिल्यावर ते ओळखू येत नाहीत. या वेळी रॉडची पट्टी ग्रेनच्या दिशेने कापली आणि भोकं पाडण्याआधीच सायनो गोंद पाजून कडक केली.

जोडणी करताना आधी फक्त डावी बाजू, फिरवून पाहिलं. मग ती काढून फक्त उजवी. मग दोन्ही. चाकं टोकालाही थांबली नाहीत.

त्यानंतर

शाळा सुरू झाल्यावर मुलगी धुळ्याला गेली आणि इंजिनही गेलं. तळाशी केळीच्या खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याची पेटी, तिच्यावर रूळ. फ्रेमसाठी हा पुठ्ठा निरुपयोगी, तो आतून पोकळ असल्याने भोकाच्या कडा दबतात. पायासाठी मात्र हलका आणि ताठ.

श्रावणात सलग पाऊस लागला तेव्हा चाकं पुन्हा जरा जड झाली. थांबली नाहीत, पण टोकाला हात जाणवायचा. हे अपेक्षितच होतं. चपड्याचा थर ओल हळू आत येऊ देतो, पूर्ण रोखत नाही, आणि फ्रेमचे थर अजूनही आडव्याच ग्रेनचे आहेत. आता ती इंजिन पत्र्याच्या पेटीत, बुटांच्या खोक्यांत मिळणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांसोबत ठेवते. ऑक्टोबरच्या उन्हात चाकं पुन्हा मोकळी झाली.

व्हॉल्व्ह गिअर, म्हणजे सिलिंडरमध्ये वाफ कधी सोडायची हे ठरवणारी दांड्यांची जोडणी, अजून जोडायचा आहे. डब्ल्यूजीवर असतो तो वॉलशार्ट पद्धतीचा, बेल्जियमच्या एजिड वॉलशार्ट या अभियंत्याने १८४४ मध्ये शोधलेला. क्रँक पिनवरची छोटी उलटी क्रँक, तिच्यापासून निघणारा दांडा, मग वाकडी लिंक, आणि क्रॉसहेडला (पिस्टनच्या दांड्याच्या टोकाच्या सरकत्या ठोकळ्याला) बांधलेला उभा दांडा. यात पाच-सहा खिळ्या आहेत आणि प्रत्येक अंतर साइड रॉडइतकंच नाजूक. तिथे मात्र फ्रेमवरून खूण उतरवण्याची युक्ती सगळीकडे लागू होत नाही, कारण काही दांड्यांची दोन्ही टोकं हवेत फिरतात. त्यांच्यासाठी नानांनी पत्र्याच्या पट्टीवर भोकं पाडून एक साचा करून द्यायचं कबूल केलं आहे. डाव्या आणि उजव्या बाजूचे दांडे त्याच एका साच्यावरून टोचायचे. मामांनी त्यासाठी ग्रेन पाहून कापलेल्या कार्डाच्या पट्ट्या आधीच पाठवल्या आहेत, प्रत्येकीवर बाणाने दिशा दाखवलेली.